विल्यम केरी यांची बाग

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न पुष्कळदा निघतो. एखादे कुटुंब ख्रिस्तशरण झाले म्हणजे त्याच्या अंगणातील जास्वंद, कण्हेर, तगर या झाडांचे काय करावे? ही फुले शेजारीपाजारी देवपूजेस नेतात. तांबडी जास्वंद गणपतीस वाहतात, पांढरी फुले शंकरास वाहतात. तर मग विश्वासणाऱ्याच्या दारी अशी झाडे असावीत की नसावीत? कोणी भिऊन झाड मुळासकट उपटून टाकतो. कोणी असेही समजतो की, फुलझाडांचा नाद हा रिकाम्या माणसाचा असून देवाच्या सेवकाने त्यात वेळ घालवू नये. या दोन्ही शंकांस वादाने उत्तर देण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र सांगणे बरे, असे आम्हांस वाटते. ज्याने नवा करार मराठी भाषेत प्रथम छापून प्रसिद्ध केला, तोच मनुष्य तीस वर्षांहून अधिक काळ उष्ण देशात आपल्या हातांनी बाग राखीत होता. त्याचे नाव विल्यम केरी.

विल्यम केरी यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप एडमंड हा हातमागावर कापड विणून पोट भरीत असे. कबनूर व इचलकरंजी येथे मागांचा आवाज ऐकत वाढलेल्या वाचकांस विणकराचे घर कसे असते हे सांगावयास नको. पुढे बापास गावच्या शाळेची पंतोजीकी मिळाली, आणि शाळेच्या घराबरोबर थोडी बागेची जागाही मिळाली. पीटर नावाचा एक चुलता कानडा देशातून परत आला होता. तो माळीकाम करी. त्याच्या संगतीने मुलास झाडांची गोडी लागली. किडे, पाखरे व रानातील रोपे यांनी त्या मुलाची खोली भरून गेलेली असे. घरच्या बागेचा एक कोपराही त्याने रिकामा राहू दिला नाही.

शेतीचे काम करावे अशी त्या मुलाची इच्छा होती. परंतु त्याच्या कातडीस असा विकार होता की, उन्हात काम केले म्हणजे तोंडावर व हातांवर फोड येत. म्हणून सुमारे चौदाव्या वर्षी त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यास लावले. देवाच्या योजना मनुष्यास आधी कळत नाहीत. ज्यास इंग्लंडचे सौम्य ऊन सोसवत नव्हते, त्यालाच पुढे बंगालच्या उन्हात एकेचाळीस वर्षे काम करावयाचे होते.

त्या दुकानात, चामड्याच्या वासात, त्याच्या आत्म्याचा पालट झाला. 5 ऑक्टोबर 1783 रोजी नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. दिवसा जोडे शिवावे, रात्री लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकावे, आणि रविवारी उपदेश करावा, असा त्याचा क्रम चालला. भिंतीवर हाताने काढलेला जगाचा नकाशा लावलेला असे. ज्या देशांत सुवार्ता पोचली नव्हती त्यांची माहिती तो त्यावर लिहून ठेवी. पुढे केरी मंडळीचे पाळक झाले. 1792 साली त्यांनी सुवार्ताप्रसाराविषयी एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्यांनी यशयाच्या 54 व्या अध्यायावर उपदेश केला, आणि 2 ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. 13 जून 1793 रोजी एका डॅनिश जहाजात कुटुंबासह बसून केरीसाहेब निघाले, ते नोव्हेंबर महिन्यात कलकत्त्यास पोचले. त्यानंतर मरेपर्यंत ते मायदेशी परतले नाहीत.

पहिली वर्षे फार कष्टाची गेली. जवळचा पैसा संपला. 1794 साली उत्तर बंगालात मदनावती येथे निळीच्या कारखान्याचा कारभार त्यांस मिळाला, तेव्हा कोठे पोटाची सोय झाली. तेथे पोचून फार दिवस झाले नाहीत तोच त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. जातीच्या भयाने कबर खणण्यास व प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. ज्या वाचकांच्या घरी अशा प्रसंगी गावाने पाठ फिरविली असेल, त्यांस त्या बापाचे दुःख काय असेल हे उमजेल.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण चरित्र सांगावयाचे तर ते पुरते सांगावे. केरीबाई डोरोथी यांची या देशी येण्याची इच्छा नव्हती. त्या मन वळविल्यावर आल्या. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांचे चित्त भ्रमिष्ट झाले, आणि 1807 साली मरण येईपर्यंत ते स्थिरावले नाही. शेजारच्या खोलीत पत्नीचा आकांत चालला असता केरीसाहेब भाषांतराचे काम करीत असत. त्यांनी तिला टाकले नाही, तिला घरीच सांभाळले. तरी तिच्या मनावर हे ओझे पडावयास नको होते, असे त्यांचे चरित्र वाचणाऱ्या पुष्कळांस वाटते. जो सेवक मंडळीसाठी गावोगाव फिरतो, त्याने आपल्या घरातील नाजूक रोपट्याकडे अगोदर पाहावे, हा धडाही या चरित्रात आहे.

मदनावतीस असतानाच त्यांनी मायदेशी पत्रे लिहून विळे, कोयते व नांगराची चाके मागविली, आणि फुलांचे, भाज्यांचे व फळझाडांचे बी दर वर्षी पाठवावे अशी विनंती केली. हे बी केवळ आपल्या करमणुकीसाठी त्यांस नको होते. या देशाच्या लोकांस त्याचा उपयोग व्हावा अशी त्यांची इच्छा होती.

10 जानेवारी 1800 रोजी केरीसाहेब सेरामपूर येथे राहावयास आले. हे गाव कलकत्त्याच्या वरच्या बाजूस हुगळी नदीच्या काठी असून त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. त्यास श्रीरामपूर असेही म्हणतात. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील आपले श्रीरामपूर ते हे नव्हे. तेथे मार्शमन व वॉर्ड हे दोन सोबती त्यांस मिळाले. त्याच वर्षी 28 डिसेंबर रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराने नदीत बाप्तिस्मा घेतला. 1801 साली बंगाली नवा करार छापून झाला. मग कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेबांची नेमणूक झाली. तेथे ते बंगाली व संस्कृत, आणि पुढे मराठीही शिकवू लागले. पगार आरंभी दरमहा 500 रुपये होता, पुढे 1000 झाला. त्यातील अगदी थोडे स्वतःसाठी ठेवून बाकी सर्व ते मिशनच्या सामाईक पेटीत टाकीत असत.

मराठी भाषेवर या गृहस्थांचे उपकार थोर आहेत. त्यांनी महाराष्ट्राची भूमी कधी पाहिली नाही. वैजनाथ नावाच्या पंडितांच्या साहाय्याने त्यांनी ही भाषा आत्मसात केली. 1805 साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले. त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत निघाले. 1810 साली मराठी शब्दांचा कोश निघाला, त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरात छापलेले होते. 1811 साली सबंध नवा करार मराठीत तयार झाला. ती भाषा आज वाचावयास अवघड वाटते आणि तीत दोषही पुष्कळ आहेत. मुंबईच्या मिशनऱ्यांस पुढे नवे भाषांतर करावे लागले. परंतु पहिला नांगर ज्याने घातला त्याचे तास वाकडे गेले म्हणून पुढच्या पेरणाऱ्याने त्यास नावे ठेवू नयेत.

आता त्यांच्या बागेकडे येऊ. सेरामपूर येथे त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग केली. देशी झाडे तर तीत होतीच, शिवाय दूरदेशांतून बी व रोपे मागवून ती त्यांनी तेथे रुजविली. झाडे कशीही न लावता त्यांनी लिनियस या स्वीडिश विद्वानाच्या वर्गीकरणाप्रमाणे त्यांचे ताटवे केले. बागेतील माळ्यांस झाडांची शास्त्रीय लॅटिन नावे त्यांनी शिकविली. सूर्योदयाच्या सुमारास ते बागेत फिरत प्रार्थना व मनन करीत, आणि मग दिवसभराच्या कामास लागत. भाषांतराने मेंदू शिणला म्हणजे पुन्हा बागेत जाऊन हातास माती लावीत.

त्या काळी शिबपूर येथील कंपनी सरकारच्या बागेवर डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग हे अधिकारी होते. त्यांचा व केरीसाहेबांचा मोठा स्नेह जमला. रॉक्सबर्ग आजारी होऊन मायदेशी गेले, तेव्हा त्या बागेतील झाडांची यादी केरीसाहेबांनी 1814 साली सेरामपुरास छापली. रॉक्सबर्ग वारल्यावर त्यांचा हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथही त्यांनीच संपादून 1820 सालापासून प्रसिद्ध केला. रॉक्सबर्ग यांनी आपल्या मित्राच्या नावावरून एका झाडाच्या जातीस केरिया असे नाव दिले आहे. हे झाड आपल्यास परके नाही. कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रानात ज्यास लोक कुंभा म्हणतात, तेच हे झाड. त्याचे फळ लहान मडक्यासारखे वाटोळे असते, आणि पानगळीच्या वेळी त्याची पाने तांबडी होतात. फुले रात्री उमलतात आणि सकाळी केसरांचा सडा झाडाखाली पडलेला दिसतो. ज्यांस केरीसाहेबांचे स्मारक पाहावयाचे असेल, त्यांनी कलकत्त्यास जाण्याची गरज नाही. राधानगरीच्या वाटेवर कुंभा दिसला म्हणजे क्षणभर थांबावे.

एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकदा इंग्लंडातून एका स्नेह्याने बियांची पिशवी पाठविली. बी काढून घेतल्यावर केरीसाहेबांनी रिकामी पिशवी बागेच्या सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे एक बारीक रोपटे वर आले. पाहतात तो ते इंग्लंडच्या कुरणात पायदळी तुडविले जाणारे डेझी नावाचे साधे फूल! ते फूल पुन्हा दृष्टीस पडेल अशी आशा त्यांनी कधीच सोडून दिली होती. त्यांस इतका आनंद झाला की, लहान मुलास खाऊ मिळाल्यावरही तेवढा होत नसेल. थंड देशाचे ते रोप बंगालच्या उन्हाळ्यात टिकत नसे. म्हणून दर वर्षी त्याचे बी धरून ते पुन्हा पेरीत आणि त्याचा वंश राखीत.

1820 साली 14 सप्टेंबर रोजी केरीसाहेबांच्या पुढाकाराने कलकत्त्यास शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी एक सभा स्थापन झाली. पहिल्या बैठकीस फार थोडे लोक आले, तरी ते निराश झाले नाहीत. या सभेत देशी लोकांसही सभासद व अधिकारी होता यावे, असा त्यांचा पहिल्यापासून आग्रह होता. ती संस्था अद्याप कलकत्त्यात अलीपूर येथे आहे.

एके काळी गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका मोठ्या अंमलदाराने, केरी हे पूर्वी जोडे करणारे होते काय, अशी दुसऱ्याजवळ चौकशी केली. ते शब्द केरीसाहेबांच्या कानी पडले. त्यांनी पुढे होऊन शांतपणे सांगितले की, आपण जोडे करणारे नव्हतो, केवळ फाटके जोडे दुरुस्त करणारे होतो. जातीवरून व धंद्यावरून ज्यांस हिणविले जाते, त्या आमच्या बांधवांनी ही गोष्ट मनात धरावी. त्यांस आपला पूर्वीचा धंदा लपवावा असे वाटले नाही, कारण त्यांचा मान त्या धंद्यावर अवलंबून नव्हता.

संकटे त्यांस कधी सोडून गेली नाहीत. 11 मार्च 1812 रोजी छापखान्यास आग लागली. कागद, टाइप व अनेक वर्षांच्या मेहनतीची हस्तलिखिते जळून गेली. त्यांनी ते काम पुन्हा आरंभिले. 1823 च्या ऑक्टोबरात नावेतून उतरताना ते पडले व त्यांच्या कमरेच्या सांध्यास जबर इजा झाली. ते अंथरुणास खिळले असता दामोदर नदीस महापूर आला. नदीचे पाणी सेरामपुरात शिरले, त्यांच्या राहत्या घराचा काठ खचला, आणि ते घर सोडून त्यांस दुसरीकडे न्यावे लागले. बागेवर पाणी व रेती पसरली. वीस वर्षांहून अधिक काळ जपलेली दुर्मिळ झाडे मेली. 2019 च्या ऑगस्टात व पुन्हा 2021 च्या जुलैत पंचगंगेच्या महापुराने या बाजूच्या लोकांची घरे, ऊस व परडी कशी गेली, हे ज्यांनी पाहिले त्यांस ही हानी केवढी हे कळेल. केरीसाहेब त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते. चालता येऊ लागताच त्यांनी ठिकठिकाणच्या स्नेह्यांस बी व रोपे मागण्यास लिहिले आणि तीच बाग पुन्हा लाविली.

बागेच्या प्रेमाने त्यांस मनुष्याचा विसर पडला नाही, हेही ध्यानात ठेवावे. 1829 च्या डिसेंबरात सतीची चाल बंद करण्याचा सरकारी हुकूम बंगालीत भाषांतर करण्यासाठी त्यांच्याकडे आला. तो दिवस रविवारचा होता. त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्यावर सोपविला व संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले, कारण एका दिवसाच्या विलंबाने आणखी किती विधवा जळतील याचा नेम नव्हता.

शेवटल्या दिवसांत चालवेना, तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून बागेत नेत. तेही होईना, तेव्हा मुख्य माळी त्यांच्याजवळ येऊन झाडांची हकिकत सांगे. आपल्या मागे मार्शमनसाहेब बागेत गाई सोडतील, अशी चिंता त्यांनी एकदा बोलून दाखविली. मार्शमन यांनी बाग राखण्याचे वचन दिले. 9 जून 1834 रोजी केरीसाहेब प्रभूच्या ठायी निजले. पुढे ती बाग टिकली नाही. परंतु त्या बागेतून वाटलेले बी व रोपे देशात पसरली होती, आणि त्यांच्या छापखान्यातून निघालेले वचन तर त्याहून दूर गेले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. फूल कोणत्या देवाचे? दसऱ्यास घरोघरी ज्या झेंडूची तोरणे लागतात, तो झेंडू मेक्सिको देशातला. निशिगंध तेथलाच, आणि देवळाच्या आवारात आढळणारा खुरचाफाही अमेरिका खंडातून आलेला. ही झाडे समुद्रापलीकडून येण्यापूर्वी येथील कोणत्याही देवाशी त्यांचा संबंध नव्हता. मनुष्याने ती वाहिली म्हणून ती त्या देवतेची झाली नाहीत. ज्याने ती उत्पन्न केली त्याचीच ती आहेत. आपल्या प्रभूने रानफुलांकडे पाहून देवाच्या पुरवठ्याविषयी शिष्यांस शिकविले. मग दारच्या जास्वंदीस आपण का भ्यावे? शेजारणीने पूजेसाठी फूल मागितले तर काय करावे, हे प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे ठरवावे. परंतु झाडावर राग धरून कुऱ्हाड उचलू नये.

ज्यांस बाग करावयाची आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कबनूरच्या बाजूस चैत्र-वैशाखात ऊन कडक असते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून हातभर खोल खड्डा घेऊन मातीत कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी, आणि रोप भोवतालच्या जमिनीहून थोडे उंचावर लावावे, म्हणजे मुळाशी पाणी साचणार नाही. जास्वंदीस आपल्याकडे सहसा बी धरत नाही. तिची बोटाएवढी जाड, वीतभर लांब फांदी मृगाच्या पावसात सावलीत लावली म्हणजे ती फुटते. कण्हेर व तगर यांचीही हीच रीत. मोगऱ्यास थंडीत काही दिवस पाणी तोडून फांद्या छाटाव्यात. मग खत व पाणी दिले असता उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो. अनंतास चुनखडीची जमीन मानवत नाही, त्याची पाने पिवळी पडतात. तो कुंडीत तांबड्या मातीत लावावा. उसाचे पाचट जाळू नये. ते झुडपांच्या बुंध्याभोवती अंथरावे, म्हणजे ओल टिकते व मूळ तापत नाही. पाणी सकाळी अगर संध्याकाळी द्यावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड मुळापर्यंत पोचेल असे देणे बरे. जास्वंदीवर कापसासारखी पांढरी कीड दिसली तर साबणाच्या पातळ पाण्याने ती धुऊन काढावी. कण्हेर मात्र मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. ती लहान मुलांच्या व गुराढोरांच्या तोंडी लागणार नाही अशा ठिकाणीच असावी.

उपदेशक बंधूंस आमची एक सूचना आहे. प्रार्थनामंदिराच्या भोवती चार हात जागा असेल तर या मृगात मंडळीच्या मुलांकडून तेथे एकेक फांदी लावून घ्यावी, आणि ज्याने जी लाविली ती त्यानेच वर्षभर जगवावी. एखादे रोप मरेल, तर दुसरे लावावे. केरीसाहेबांची सबंध बाग बुडाली तरी त्यांनी खुरपे खाली ठेवले नाही. वचनाच्या कामातही पुष्कळ बी कुजते, पुष्कळ पाखरे खातात, आणि कधी पूर येऊन सर्व धुऊन नेतो. पेरणाऱ्याने पुन्हा पेरावे. वाढ देणारा प्रभू आहे. तो आपल्या सर्व मंडळ्यांस हा धीर देवो.